एवढ्यात अ‍ॅक्टिव्हा आली असती

सिग्नलला सायकल थांबली की शेजारच्या स्कूटरवरचा माणूस आधी टायर बघतो, मग गिअर, मग माझं हेल्मेट, आणि सगळ्यात शेवटी मला. पुढचं बोलणं सिग्नलला किती सेकंद उरलेत त्यावर. दहा असतील तर नुसतंच "कितीला पडली?" तीस असतील तर आकडा ऐकून, मान हलवून, "एवढ्यात अ‍ॅक्टिव्हा आली असती की मॅडम!" आणि चांगला साठ-सत्तर सेकंदांचा सिग्नल असेल तर डोळे मिचकावून, "अ‍ॅव्हरेज किती देते?" हा विनोद पुण्यातल्या प्रत्येक सायकलवाल्याने इतक्यांदा ऐकलाय की त्याला आता चव राहिलेली नाही. तरी हसावं लागतं, कारण समोरच्याला तो त्याच क्षणी सुचलेला असतो आणि बिचारा मनापासून खूश असतो. आमच्या ग्रुपमधल्या वकीलसाहेबांनी यावर एक उत्तर तयार ठेवलंय. "एका मिसळीत चाळीस. पाव जास्त घेतले तर पन्नास."

चौथा एक प्रश्न असतो, तो मात्र थट्टेचा नसतो. "गिअरची आहे ना, मग चढावर आपोआपच जात असेल?" या प्रश्नाची आमच्यात फार टिंगल होते. सिंहगडाच्या शेवटच्या वळणांवर जीभ बाहेर आलेली असताना कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे आपोआप जाते ना तुझी?" मला मात्र हल्ली वाटायला लागलंय की सिग्नलवरच्या त्या माणसाने नेमकं बोट ठेवलंय. सायकल चालवणारे एकमेकांशी जे काही भांडतात ते थोडंफार याच प्रश्नावरून भांडतात, फक्त जास्त महागडे शब्द वापरून.

रविवारी पहाटे आम्ही डोणज्याच्या अलीकडे एका टपरीवर थांबतो. चहा, क्रीमरोल, कुणाच्या तरी घरून आलेले खजुराचे लाडू. तिथे होणारे वाद ठरलेले आहेत. कुणी कुठल्या बाजूने बोलायचं तेही ठरलेलं. चेनला काय लावायचं हा सगळ्यात जुना. निवृत्त बँकवाले काका रॉकेलच्या पंथाचे: चेन काढायची, रॉकेलमध्ये बुडवायची, जुन्या टूथब्रशने घासायची, वर शिलाई मशीनचं तेल. डॉक्टर मेणाच्या पंथाचे. ते चेन वितळलेल्या मेणात बुडवून काढतात आणि ती हात काळे न करता हाताळता येते हे पांढऱ्या रुमालावर फिरवून दाखवतात. मेण वितळवायला त्यांनी घरातलं कुठलं पातेलं घेतलं होतं आणि त्यानंतर घरात काय झालं, हा त्यांच्या पंथाचा इतिहास. तो त्यांना दर पावसाळ्यात नव्याने ऐकवला जातो.

टायरच्या रुंदीचा वाद खरं तर मिटलाय, पण आम्ही तो मिटू देत नाही. पूर्वी 23 मिलिमीटरचं टायर दगडासारखं हवा ठासून भरलेलं असलं की सायकल वेगवान, असं सगळे छातीठोकपणे सांगायचे. मग मोजमापं झाली. खऱ्या रस्त्यावर, म्हणजे जिथे खडी आणि सांधे असतात अशा रस्त्यावर, थोडं रुंद टायर आणि थोडी कमी हवा याने वेग घटत नाही, अंग मात्र कमी हादरतं, हे दिसून आलं. शर्यतीतले लोकसुद्धा 25, 28 आणि त्याही पुढे सरकले. काकांच्या वडिलांची काळी सायकल 28 बाय दीडची होती, म्हणजे टायर जवळजवळ 40 मिलिमीटर. "जग फिरून फिरून आमच्या बापाच्या टायरवर आलं," असं ते म्हणतात, आणि त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही.

हेल्मेटवर आम्ही बोलत नाही. पुण्यात हा विषय निघाला की चहा थंड होतो. एवढंच सांगते की व्यावसायिक शर्यतींतल्या लोकांनीसुद्धा 1991 मध्ये हेल्मेटसक्तीविरुद्ध बंड केलं होतं आणि सक्ती माघारी घ्यायला लावली होती. ती कायमची लागू झाली 2003 मध्ये, पॅरिस-नीस शर्यतीत आंद्रेई किविलेव्ह पडून दगावला त्यानंतर. त्यामुळे पुणेकर काही जगावेगळे नाहीत. फक्त ते अजून 1991 मध्ये आहेत.

सायकली किती असाव्यात याचं उत्तर जगभर एकच आहे: आहेत त्यापेक्षा एक जास्त. या सूत्राला पुरवणी म्हणून एक विनोद चालतो, तो मी बायकांच्या ग्रुपमध्ये ऐकला तेव्हा जास्त खरा वाटला. पुरुष म्हणतात, "मी मेल्यावर हिने माझी सायकल मी हिला सांगितलेल्या किमतीला विकू नये." आमच्यातली एक शाळेची मुख्याध्यापिका म्हणाली, "माझा नवरा विकणारच नाही, त्याला वाटतं ती मुलाची जुनी आहे."

तर हे सगळे वाद वरवरचे. आतला वाद एकच. पायांचं किती आणि यंत्राचं किती? कुठवर घेतलेली मदत ही सायकल आणि कुठून पुढे ती लबाडी? प्रत्येक जण आपल्याला पटलेल्या सोयीच्या लगेच पुढे रेघ ओढतो, आणि रेघेपलीकडच्यांना आळशी म्हणतो. आपण घेतलेली सोय ती शेवटची रास्त सोय. नंतरची सगळी थेरं.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे टूर द फ्रान्सचे जनक आँरी देग्रांज. त्यांनी 1903 मध्ये ही शर्यत सुरू केली आणि तिच्यात गिअर बदलायचं यंत्र येऊ नये म्हणून सूत्रं हातात असेपर्यंत किल्ला लढवला. गिअर पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी ठीक आहेत, तरुणांनी स्नायूंच्या जोरावर जिंकावं, असं त्यांचं म्हणणं. मग त्या काळचे सायकलपटू आल्प्स चढायचे कसे? मागच्या चाकाला दोन्ही अंगांना एकेक दात्यांचं चक्र असायचं, एक लहान, एक मोठं. घाट सुरू झाला की खाली उतरायचं, गारठलेल्या बोटांनी नट ढिले करायचे, चाक काढायचं, उलटं करून बसवायचं, पुन्हा आवळायचं. माथ्यावर पोचल्यावर हाच खटाटोप परत. देग्रांजना हे चालायचं. म्हणजे गिअर बदलायला त्यांची हरकत नव्हती, तो सुखाने बदलायला हरकत होती.

त्यांच्या विरुद्ध टोकाला सेंट-एतिएनचे पॉल द विव्ही, 'वेलोसिओ' या नावाने लिहिणारे. शाकाहारी, लांब पल्ल्याचे भटके, रात्ररात्र सायकल चालवणारे आणि गिअरचे कट्टर पुरस्कर्ते. 'ल सिक्लिस्त' नावाचं मासिक चालवायचे आणि त्यातून सांगत राहायचे की घाट चढण्यासाठी आहे, झिजण्यासाठी नाही. हा वाद पस्तीस-एक वर्षं चालला. वेलोसिओ 1930 मध्ये गेले. देग्रांज आजारपणामुळे 1936 मध्ये बाजूला झाले, आणि दुसऱ्याच वर्षी, 1937 मध्ये, टूरमध्ये गिअरला परवानगी मिळाली. वाद कुणी जिंकला नाही. एक जण अंथरुणाला खिळला म्हणून संपला. आमच्याही ग्रुपमध्ये वाद असेच संपतात, कुणाची तरी बदली होते.

मदतीचा हिशोब देग्रांजच्या शर्यतीत किती बारीक होता, त्याची एक गोष्ट मला फार आवडते. 1913 मध्ये उझेन क्रिस्तोफ पिरेनीजमधला तुर्माले घाट उतरत होता, शर्यत जिंकण्याच्या उमेदीत. वाटेत त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क तुटला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्याने करायची, दुसऱ्याचा हात लागता कामा नये. सायकल खांद्यावर टाकून तो मैलोन् मैल चालत खाली सेंट-मारी-द-कँपाँ या गावी पोचला आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर उभा राहिला. लोहार सांगेल तसं त्याने स्वतः लोखंड तापवलं, ठोकलं, जोडलं. काही तास गेले. शर्यतीचे पंच तिथेच उभे राहून बघत होते. अडचण एवढीच होती की दोन्ही हात लोखंडात गुंतलेले असताना भाता कोण हलवणार? एका लहान पोराने हलवला. पंचांनी त्याबद्दल दंड ठोकला, दहा मिनिटांचा. पुढे तो कमी करून तीन मिनिटांवर आणला.

दहाचे तीन कसे झाले असतील, याचा विचार केला की मला पुण्यातल्या सोसायटीच्या सभेचा भास होतो. "मुलगा लहान होता, म्हणजे पूर्ण मदत धरता येणार नाही." कुणीतरी असं म्हणालं असणारच.

आणि 1924 मध्ये जिरो द'इतालियात आल्फोन्सिना स्त्रादा. पुरुषांच्या त्या शर्यतीत उतरलेली एकटी बाई. एका वादळी टप्प्यात पडली, हँडल मोडलं, आणि झाडूचा दांडा बांधून पुढे निघाली असं सांगतात. वेळेची मर्यादा हुकली, म्हणून निकालातून तिला काढलं; पण लोक तिला बघायला येत होते, त्यामुळे चालवायला मात्र चालू दिलं. ती मिलानपर्यंत गेली. नव्वद जण निघाले होते, तीस पोचले. तिचं पोचणं हिशोबात धरायचं की नाही, यावर मी टपरीवर एकदा मतदान घेतलं. धरायचं, असं एकमताने ठरलं. मग मी विचारलं, आणि झाडूचा दांडा? तो बाहेरची मदत नाही का? त्यावर वकीलसाहेब म्हणाले, "मॅडम, तो दांडा आहे, मोटर नाही." रेघ ओढली गेली. बाहेर नवीन चहा सांगितला गेला.

तासाच्या विक्रमात तर हा वाद अधिकृतपणे, शिक्क्यानिशी झाला. ट्रॅकवर एकट्याने एक तास चालवायचं आणि अंतर मोजायचं, इतकी साधी ही गोष्ट. 1933 मध्ये फ्रान्सिस फोर या बेताच्या खेळाडूने पाठीवर रेलून चालवायच्या सायकलीवर हा विक्रम मोडला, 45 किलोमीटरच्या पुढे गेला. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने विचार केला आणि 1934 मध्ये ठरवलं की ही सायकलच नव्हे. ती तशीच बंदीत राहिली. 1972 मध्ये एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत 49.431 किलोमीटर केलं, आणि तो आकडा जणू पायांचा शुद्ध आकडा म्हणून गाजला. 1993 मध्ये स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्री याने स्वतः जोडलेल्या सायकलवर, हात छातीखाली दुमडून, 51.596 केलं. त्या सायकलमध्ये कपडे धुण्याच्या मशीनचं बेअरिंग होतं. तिथेही संघटनेने त्याच्या बसण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. त्याने दुसरी पद्धत काढली, हात लांब पुढे ताणलेली. तिच्यावरही बंदी. शेवटी वैतागून संघटनेने 2000 साली ठरवलं की आता सगळे 1972 च्याच धाटणीची सायकल वापरा, म्हणजे कोण किती पाण्यात ते कळेल. ख्रिस बोर्डमन तशा सायकलवर बसला आणि 49.441 किलोमीटर गेला. मर्क्सपेक्षा दहा मीटर जास्त. अठ्ठावीस वर्षं आणि दहा मीटर!

पण मला यात खरी गंमत वाटते ती मर्क्सच्या सायकलची. जी सायकल शुद्धतेचं माप म्हणून ठेवली गेली, तिचे भाग वजन घटवण्यासाठी भोकं पाडून हलके केलेले होते. आणि मेक्सिको सिटी निवडली होती ती तिथल्या विरळ हवेसाठी. समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर हवेचा अडथळाच कमी. म्हणजे मर्क्सनेही मदत घेतलीच होती, फक्त ती त्या काळात कुणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. संघटनेने 2014 मध्ये हा 1972 चा हट्ट सोडला.

हे सगळं मी सांगायला लागले त्याला कारण आमचे काका.

काका जन्मभर बिनगिअरच्या सायकलवर बँकेच्या ब्रँचला गेले. ग्रुपमध्ये आले तेव्हा आमच्या गिअरकडे बघून म्हणायचे, "म्हातारपणीची काठी आहे ही, तुम्ही आत्ताच घेतलीत." मग मुलाने त्यांना गिअरची सायकल आणून दिली, तर आठवडाभरात मेकॅनिकपेक्षा जास्त बोलायला लागले. गेल्या वर्षी बायपास झाली. बरे झाल्यावर डॉक्टरांनी, म्हणजे आमच्याच मेणवाल्या डॉक्टरांनी, सांगितलं की सायकल चालवा, पण चढावर छाती भरून येऊ देऊ नका. काकांनी विद्युत सायकल घेतली. अडीचशे वॅटची मोटर, पंचवीसच्या वेगाला मदत बंद, त्यामुळे नोंदणी नको, नंबरप्लेट नको. पायडल मारलं तरच मोटर साथ देते. पाय थांबले की तीही थांबते.

पहिल्या रविवारी ते आमच्याबरोबर सिंहगडाला आले. गोळेवाडीच्या पुढचा तो आठ-नऊ किलोमीटरचा घाट त्यांनी गप्पा मारत चढला. हाच त्यांचा गुन्हा. दमले असते तर आम्ही टाळ्या वाजवल्या असत्या. वरच्या वाहनतळापाशी ते ताक पीत बसलेले, आणि आम्ही एकेक करून लाल चेहऱ्यांनी पोचतोय. त्या दिवशीच्या फेरीची नोंद अ‍ॅपवर पडली तेव्हा काकांचा वेळ डॉक्टरांच्या वेळेच्या वर आला. डॉक्टरांनी डॉक्टर म्हणून परवानगी दिली होती, सायकलवाला म्हणून दिली नव्हती.

"काका, तुमची राइड वेगळ्या खात्यात टाका हो."

"का? पाय माझेच होते."

"मोटर होती ना."

"तुझ्या सायकलचं वजन किती? सात किलो? माझी बावीस. ते पंधरा किलो कुणी चढवले?"

"मोटरने!"

"मग झालं की. मोटरने मोटर चढवली. मी मला चढवलं."

वकीलसाहेब या युक्तिवादावर इतके खूश झाले की त्यांनी काकांना वकीलपत्र न घेताच पाठिंबा दिला. मी काकांच्याच बाजूची. पण माझीही रेघ आहेच, आणि तिचं समर्थन मला करता येत नाही. घरात स्टँडवर चाक अडकवून, पंख्याखाली बसून, पडद्यावरचा डोंगर बघत चालवलेले किलोमीटर मी धरत नाही. वारा नाही, खड्डा नाही, धायरीचं ते एक तांबडं कुत्रं मागे लागत नाही, ते कसले किलोमीटर? घाम खरा असतो, हृदयाचे ठोके खरे असतात, सगळं मान्य. तरी नाही.

लांब पल्ल्याच्या ब्रेव्हेंमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या फेऱ्यांमध्ये, ही रेघ छापील असते, म्हणून तिथे जास्त मजा. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 600 ला चाळीस. शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, असं सुरुवातीला बजावून सांगतात, आणि सगळे मान डोलावतात, आणि संध्याकाळी सगळ्यांना सगळ्यांच्या वेळा पाठ असतात. मदतीचा नियम असा की ठरलेल्या थांब्यांवरच आपल्या माणसांनी मदत करायची, मध्ये कुठे नाही. वाटेतल्या हॉटेलात खाल्लेलं चालतं, गावातल्या अनोळखी माणसाने बोलावून दिलेलं ताक चालतं. स्वतःच्या बायकोने आणलेला डबा चालत नाही. आमच्यातल्या एका इंजिनिअरची बायको सुरूर फाट्याजवळ पुरणपोळ्या घेऊन गाडीत बसली होती. हे महाशय तिला हात करून, न थांबता निघून गेले. नियमाच्या दृष्टीने ते निर्दोष. घराच्या दृष्टीने त्यांचं काय झालं ते क्रिस्तोफच्या तीन मिनिटांत मावणार नाही.

एक किस्सा मात्र मला आवडत नाही, आणि तो प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. दोन लाखांची कार्बनची सायकल घेऊन कुणीतरी घाट चढतंय, आणि मागून दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला दूधवाला, साध्या काळ्या सायकलवर, पायांत स्लीपर, विडी ओढत त्याला मागे टाकून जातो. हसायचं, स्वतःवर हसल्याचं समाधान घ्यायचं आणि नवीन चाकांची किंमत विचारायची. हा दूधवाला सिंहगडावर असतो, बोपदेवला असतो, खंबाटकीला असतो. त्याला नाव नसतं, आणि तो कधी कुणाला काही विचारत नाही. खरं म्हणजे आता तो नसतोच. दूधवाले केव्हाच मोटारसायकलवर गेले. पहाटे पाचला काळ्या सायकलवर दिसतो तो रात्रपाळी संपवून निघालेला सिक्युरिटी गार्ड.

आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका असेच येतात-जातात. डॉक्टर आमच्याच सोसायटीतले. एका रविवारी ते शंभर किलोमीटरची फेरी करून परत आले तर घड्याळात 99.4. आता 99.4 हे घरात घेऊन जाता येत नाही, हे कुठल्याही सायकलवाल्याला कळेल. ते पार्किंगमध्येच गोल फिरायला लागले. टँकरला वळसा, जनरेटरला वळसा, पुन्हा गेट. तिसऱ्या फेरीला वॉचमनकाका खुर्चीवरून उठून आले. "साहेब, काही हरवलंय का? मी बघतो, तुम्ही दमलाय." डॉक्टरांनी हातानेच नाही म्हटलं आणि अजून एक फेरी मारली. वॉचमनकाका टॉर्च घेऊन गाड्यांच्या खाली वाकून बघत होते, काय शोधायचंय ते माहीत नसताना.

त्यांनीच मला नंतर बँकवाल्या काकांच्या सायकलबद्दल विचारलं. चार्जिंग किती वेळ लागतं, पावसात चालते का, वडगावच्या पुलाच्या चढाला बरी पडेल का. किंमत सांगितली तशी मान हलवली आणि बाकी काही बोलले नाहीत. मोटर लावली तर आपलं चालवणं खोटं ठरेल का, हा प्रश्न त्यांना सुचलाच नाही. पायांच्या शुद्धतेची काळजी करायला खाली पार्किंगमध्ये चारचाकी असावी लागते.

आमचे डॉक्टर मात्र अजून शुद्धतेवर ठाम आहेत. मागच्या महिन्यात ते नवी सायकल घेऊन आले. तिला गिअरच्या तारा नाहीत. बटण दाबलं की मागचं यंत्र आपलं आपण सरकतं, टिक असा बारीक आवाज येतो, संपलं. चालतं बॅटरीवर. घाटाच्या पायथ्याशी त्यांनी आम्हाला तो आवाज बऱ्याचदा ऐकवला. अर्ध्या घाटात आवाज बंद झाला. त्यांनी रात्री चार्जिंगला लावली होती, पण स्विच बंदच होता, असं मागाहून निष्पन्न झालं. गिअर अडकला तोही वेगाच्या, सपाटीच्या दातावर. उतरून चालत जायचं नाही हा त्यांचा बाणा. उभे राहून, सगळं वजन एकेका पायडलवर टाकत, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत नागमोडी जात ते चढत राहिले. बँकवाले काका त्यांच्याच वेगाने शेजारून चालले होते. मोटरवर इतकं हळू जाणंसुद्धा कसब आहे.

"डॉक्टर," काका म्हणाले, "ही तुमची बॅटरी नक्की कुठल्या खात्यात टाकायची?"

डॉक्टरांना बोलायला श्वास नव्हता.

"नाही, मी आपलं विचारलं. तसं बघितलं तर आज तुम्ही देग्रांजच्या नियमात बसता. फक्त चाक काढून उलटं करायची सोय नाहीये."

वर पोचल्यावर दहीभाताचे पैसे कुणी द्यायचे यावर चर्चा झाली. वकीलसाहेबांचं म्हणणं, बॅटरी संपल्यानंतरचे किलोमीटर दुप्पट धरावेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, मग त्याआधीचे निम्मे धरा. डॉक्टरांनी भात संपवला, दुसरा मागवला, आणि मग म्हणाले की विद्युत गिअर हा गिअरच असतो, त्याने पायाला कणभर जोर मिळत नाही, सबब ती मदत नव्हे. काकांनी ताकाचा पेला खाली ठेवला, बाही सरसावली आणि खुर्ची पुढे ओढली.